नेपाळमध्ये मुलांना शिकवायला महिनाभर जायचंय, एजन्सी ८० हजार मागतेय. जाऊ का?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी आयटीत आहे, वय २९. कंपनी यंदा बिनपगारी रजा द्यायला तयार आहे, तर जून-जुलैत नेपाळला जाऊन मुलांना शिकवावं असं मनात आहे. एका एजन्सीचं पॅकेज पाहिलं. काठमांडूतलं बालगृह, ४ ते १४ वयाची मुलं, रोज तीन तास इंग्रजी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात 'मुलांना माया द्यायची' (हे त्यांचे शब्द). शनिवारी सहल, शेवटी पोखरा, आणि सर्टिफिकेट. राहणं-जेवण धरून ८० हजार, विमानाचं तिकीट वेगळं. त्यांनी मुलाखत वगैरे काही घेतली नाही. फॉर्म भरा, पैसे भरा, या.

शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर कॉलेजात असताना घेतलेल्या शिकवण्या आणि सोसायटीतलं उन्हाळी शिबिर, बस. नेपाळी येत नाही. पैसे जास्त वाटतात का? व्हिसा लागतो का? बरोबर काय न्यावं? कोणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणानं लिहा. आई म्हणते, "घरात चहाचा कप उचलत नाहीस आणि चाललीस परदेशी सेवा करायला." तेव्हा बोलणी खायची सवय आहे.

पावशेर

मेळघाट, धडगाव, भामरागड संपलं का? ८० हजारांत तिकडच्या एखाद्या शाळेचं छप्पर होईल. पण तिथे पोखरा नाही ना, फोटो कुठे काढणार!

खडूफळा

सायली, पावशेररावांचं मनावर घेऊ नकोस. ते प्रत्येक धाग्यावर मेळघाट काढतात, आजवर एकदाही गेलेले नाहीत. (रागावू नका हो, तुम्हीच मागे लिहिलं होतंत.)

मी रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, रीतसर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. आमच्याकडे दिवाळी सरली की आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. गावात सगळ्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात, मग तो क्षेत्री असो की थारू. त्यांची मुलं नोव्हेंबरात शाळेत यायची. वयाप्रमाणे वर्गात बसवायची, जरा रुळतात न रुळतात तोच मेअखेर आंबा संपायचा आणि पटावरची नावं तेवढी उरायची. अशाच दोन बहिणी माझ्या वर्गात होत्या. त्यांचा बाप म्हणायचा, "बाई, एकदा आमच्या गावची शाळा बघायला या." निवृत्तीनंतर खरंच गेले. पश्चिम नेपाळातल्या सुर्खेत जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव. तेव्हापासून जमेल तसं जात आले. मध्ये ना एजन्सी, ना सर्टिफिकेट.

आता त्या बालगृहाचं. स्पष्ट सांगते, तिथे जाऊ नकोस.

सुर्खेतच्या वरच्या अंगाला, हुमला-जुमलाच्या बाजूला, माओवादी युद्धाच्या काळात म्हणजे १९९६ ते २००६ या वर्षांत दलाल गावोगाव फिरले. "पोराला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो" म्हणायचं, आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि मूल न्यायचं. तिकडे कागदावर ते अनाथ व्हायचं. युद्ध संपलं तरी हा धंदा संपला नाही. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनेच सांगितलं होतं की नेपाळच्या अनाथालयांत राहणाऱ्या ८५ टक्क्यांहून जास्त मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. आणि ही बालगृहं आहेत कुठे? गरिबी कर्णाली प्रांतात (हुमला-जुमला तिथलेच), बालगृहं मात्र काठमांडू, पोखरा, चितवनला. जिथे पर्यटक उतरतात तिथे. तुझ्यासारखी पैसे भरून येणारी माणसं आहेत म्हणून घर चालतं, आणि घर चालतं ठेवायचं तर मुलं लागतात. सगळीच घरं तशी आहेत असं म्हणत नाही, पण फॉर्म आणि पैशांवर कुणालाही चार वर्षांच्या पोरांत सोडणारं घर कसलं असेल याचा तूच विचार कर. दर महिन्याला नवी मिस येते, गळ्यात पडू देते आणि जाते. त्या पोरांना आपली माणसं लागतात, ती गावाकडे आहेत.

शिकवायचं असेल तर शाळेत जा, आणि तिथेही वर्गाचा ताबा घेऊ नकोस. तिथल्या शिक्षिकेच्या शेजारी बस. म्हणजे नेमकं काय ते सांगते.

सुर्खेतच्या त्या शाळेत दुसरीला गणित इंग्रजी पुस्तकातून होतं. खासगी 'बोर्डिंग' शाळांकडे मुलं पळतात म्हणून सरकारी शाळांनीही बऱ्याच ठिकाणी इंग्रजी माध्यम आणलं. आपल्याकडे सेमी इंग्रजीचं जे झालं तेच. मिस चांगली होती, तरुण, गावातलीच सून. पण पुस्तकातलं वाक्य फळ्यावर उतरवायचं आणि मुलांनी वहीत उतरवायचं, यापुढे गाडी जात नव्हती. ५२ वजा ३७ घातलं की अर्धा वर्ग २५ लिहायचा. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्यांना कळलेलं. रत्नागिरीची पोरंही हेच करतात, ठाण्याचीही करत असतील.

मी खडू हातात घेतला नाही. दुपारी मिसबरोबर बसून निगाल्याच्या काड्या तोडल्या (डोंगरातला बारीक बांबू, टोपल्या विणतात त्याचा). दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येकापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हणाली, सदतीस मला द्या. तीन गठ्ठे पटापट आले. सात सुट्या कुठून आणणार? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. एक मुलगी गठ्ठा हातात धरून बसलेली, नखाने रबर नुसतं वर-खाली करत होती. तिचा प्रश्न एवढाच होता की हा मिसने बांधलाय, सोडला तर चालेल का. मिस म्हणाली, "सोड की." सोडल्यावर बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात दिल्या, एक गठ्ठा आणि पाच उरल्या. पंधरा. मग वर्गात जो गोंधळ माजला तो शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले. पुढचा आठवडाभर मिसनेच घेतलं, मी मागच्या बाकावर बसून अंककार्डं करत होते. पुढच्या खेपेला गेले तर तीच मिस त्याच काड्यांवर गुणाकार घेत होती. मला विचारायला आली नव्हती, तिचं तिनेच बसवलं होतं.

म्हणून एजन्सीला एकच विचार. मी निघाल्यावर त्या वर्गापुढे कोण उभं राहणार? उत्तर 'पुढचा स्वयंसेवक' असं आलं तर फोन ठेव.

भाषेची काळजी नको. लिपी देवनागरीच, पाट्या पहिल्याच दिवशी वाचता येतात. हिंदी बऱ्याच जणांना कळते. फक्त ५, ८, ९ आणि 'झ' ते वेगळ्या वळणाने काढतात. माझ्या कार्डावरचा 'झ' बघून सगळा वर्ग हसला होता, मग एका पोरानेच तो सुधारून दिला.

उत्तरायण

मी नोकरीनिमित्त काठमांडूत राहतो. खडूफळा बाईंनी महत्त्वाचं लिहिलंच आहे, मी कागदपत्रांचं आणि पैशांचं सांगतो.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने येणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही, यावरून मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर लोक रोज वाद घालत असतात. इतर देशांचे स्वयंसेवक बहुतेक पर्यटक व्हिसावर येतात, आणि त्या व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही. एजन्सी हे त्यांना सांगत नाहीत. त्यावरून कागदांची किती चाड आहे ते समजा.

भूकंपानंतर सरकारने नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली होती. २०१८ चा बालबालिका कायदा तर संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानतो. आधी घर, मग नातेवाईक, मग बाकीचं. काही संस्था मुलांना गावी परत पोचवायचं काम खरोखर करतात. बाईंशी माझा थोडा मतभेद इथे आहे. ज्यांना खरंच कोणी नाही अशी मुलंही आहेत, त्यांना घर लागतंच आणि ते चालवायला पैसा लागतोच. पण अशी घरं महिनाभराच्या पाहुण्यांना मुलांत सोडत नाहीत. त्यांना देणगी द्या, किंवा त्यांचा हिशेब, संगणक, वेबसाइट सांभाळा. दुरूनही होतं.

८० हजारांबद्दल म्हणाल तर त्यातला प्रत्येक रुपया लुटीचाच असेल असं नाही. काठमांडूत खोली, जेवण, गाडी, माणूस यांना खर्च येतो. पण इथला रुपया आपल्या रुपयाशी बांधलेला आहे, १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. त्या हिशेबाने ८० हजारांचे १ लाख २८ हजार होतात. एवढ्यात एका माणसाचा महिना ऐसपैस जातो. तेव्हा बालगृहाला यातले नेमके किती मिळतात ते लेखी मागा.

आणि जून-जुलैत येऊच नका. बऱ्याच शाळांना तेव्हा सुट्टी असते, डोंगरात भातलावणी चालू असते आणि रस्ते दरडींनी बंद. २०२४ च्या जुलैत नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. पोखरा-बिखरा पावसात विसरा, डोंगर दिसतही नाहीत.

पावशेर

मेळघाटला गेलो नाही हे मान्य. पण मुद्दा तोच राहिला ना, इथल्या शाळा का नकोत?

खडूफळा

पावशेरराव, नकोत कोण म्हणतंय? सायलीला जमलं तर तिने तिकडेही जावं, नियम तोच, शिक्षकाच्या शेजारी बसायचं. पण मुलं सीमा बघून येत-जात नाहीत. माझ्या वर्गातून मेअखेर गेलेली पोर जूनमध्ये सुर्खेतच्या वर्गात कोरी पाटी घेऊन बसते, कारण तिथलं वर्ष वैशाखातच सुरू झालेलं असतं. इथे शिकलेलं तिथे कुणी विचारत नाही, तिथलं इथे कुणी विचारत नाही. तुमच्या हापूसच्या पेटीमागे ती पोर आहे, एवढा संबंध पुरेसा आहे.

सायली_ठाणे

सगळ्यांचे आभार, पावशेर तुमचेही.

एजन्सीला फोन केला. मी गेल्यावर वर्ग कोण घेणार, असं विचारलं. "काळजी नको मॅडम, लगेच पुढची बॅच येते." पोलीस पडताळणीचा दाखला लागेल का? "छे, आपल्याकडे त्याची गरज नसते." बालगृहाला किती पैसे जातात? "ते आमचं अंतर्गत आहे." एवढं ऐकल्यावर पैसे भरायचा प्रश्नच नव्हता. आईला सांगितलं तर म्हणाली, तो खडूफळा आयडी माझाच असता तरी मी हेच लिहिलं असतं.

रजा पुढे ढकलता येईल असं मॅनेजर म्हणतोय. पण बाई, मी शिक्षिका नाही. काड्यांचे गठ्ठे मला सुचले नसते. मी एखाद्या शाळेत जाऊन करू काय? उगाच एक तोंड वाढेल खायला.

खडूफळा

तुला जे येतं तेच कर की. त्या शाळेच्या ऑफिसात संगणक आहे, त्यावर शिवलेलं कापड घातलेलं असतं आणि त्यावर हजेरीपटांचा ढीग. मुलांची सगळी माहिती सरकारला ऑनलाइन भरायची असते. जन्मतारखा विक्रम संवतात, फॉर्म एक मागतो, दाखला दुसरं सांगतो, लाइट गेली की भरलेलं जातं. हेडसर त्यासाठी बाजाराच्या गावी सायबर दुकानात दिवस दिवस बसतात आणि तेवढे दिवस त्यांचा वर्ग मोकळा असतो. त्यांच्या आणि एखाद्या तरुण सरांच्या शेजारी बसून ते शिकवलंस तर माझ्या काड्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. मात्र तू भरून देऊ नकोस. माउस त्यांच्या हातात राहू दे, कितीही हात शिवशिवले तरी.

दसैं-तिहार (त्यांचा दसरा-दिवाळी) होऊन जाऊ दे, मग जा. चैतात परीक्षा असते, त्याआधी परत ये. पोलीस पडताळणीचा दाखला कुणी मागो न मागो, स्वतःहून काढून हेडसरांपुढे ठेव. मुलांचे चेहरे इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. काही वावगं दिसलं तर बालहेल्पलाइनचा नंबर तिकडेही १०९८ च आहे. ज्या घरी राहशील तिथे महिन्याचे पैसे आधी ठरवून दे, ते नको नको म्हणतील तरी दे. सकाळी दहाच्या आत पोटभर डाळभात होतो, मग दुपारी चिवडा-चहावर भागवायचं. सुरुवातीला अकरा वाजता झोप येते. स्वेटर दोन ने, सकाळी बोटं वाकत नाहीत.

जायचं कसं? पुष्पक एक्स्प्रेसने लखनौ, तिथून बसने रुपईडिहा, सीमा ओलांडली की नेपाळगंज, आणि तिथून कोहलपूरवरून सुर्खेतची बस. लखनौला उतरल्यावर रात्रीची बस धरू नकोस, सकाळची घे, उजेडात सीमा ओलांडलेली बरी.

मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. हेडसरांचा नंबर देईन, पण आधी त्यांना विचारते, कारण त्यांना माणूस हवं आहे का हे त्यांनी सांगायचं. नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघू.