गोष्टीच्या रचनेवर पत्त्यांचा खेळ: पाच रंग पुरेत का?

जोकर५४: आराखडा असा. 60 पानांचा कॅट, पाच रंग: आरंभ, गुंता, कळस, उतार, शेवट. प्रत्येकी 12. सगळं एकत्र पिसायचं, 5-5 पानं वाटायची, रंगाच्या क्रमाने उतरायचं. गोष्ट आपोआप घडते. यात चुकण्यासारखं काही दिसत नाही.

उतारी: आपोआप? हिशेब तरी करायचा होता! 60 मध्ये 12 आरंभ, हातात 5, तर एकही आरंभ न येण्याची शक्यता सुमारे 31 टक्के. जवळपास दर तिसरा गडी पहिल्याच फेरीला पास. उलट ज्याच्या हातात शेवटाची तीन पानं अडकलीत, तो गोष्ट ऐकेल कशाला? पाच वेगळ्या गड्ड्या करा, एका वेळी एकच चालू. चौघांत आरंभाची 4 पानं पडली की ती गड्डी बंद. गुंत्याला 8, कळसाला 2. समान बारा-बारा कुठल्या गोष्टीत असतं?

तळटीप: म्हणजे कळस केव्हा येणार हे सगळ्यांना आधीच माहीत. मग धाकधूक कसली? 1993 च्या 'वन्स अपॉन अ टाइम' या गोष्टी रचायच्या पत्त्यांच्या खेळात असले टप्पे नाहीत. प्रत्येकाकडे शेवटाचं एक गुप्त पान, आणि जो तो गोष्ट तिकडे ओढतो. रचना ओढाताणीतून येते.

उतारी: येते तर! 'राजा तलवार घेऊन जंगलातून नदीकडे गेला', एका वाक्यात चार पानं खाली. ही गोष्ट की वाणसामानाची यादी?

गोंधळी: अवांतर, पण खरा रोग इथेच आहे. पानांवर नामं छापली की हेच होणार. क्रिया छापा: 'कुणीतरी खोटं बोलतं', 'उशिरा कळतं'. लोककथांचा अभ्यासक प्रॉप, त्याने 1928 मध्ये रशियन परीकथांतून 31 कार्यं, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या क्रिया, काढली, ती अशीच आहेत: मनाई, मनाईचा भंग, पाठलाग, सुटका.

तळटीप: आणि तिसऱ्या पानानंतर ते 'कुणीतरी' म्हणजे नक्की कोण, हे कुणालाच आठवत नाही.

गोंधळी: म्हणून नामं टेबलावर उघडी: दोन पात्रं, एक जागा, एक वस्तू. हातात फक्त क्रिया. क्रिया या चारांपैकी एकाला लावायची आणि त्याची स्थिती बदलायची. पुढच्या गड्याने त्या बदलावरून 'त्यामुळे' म्हणत सुरुवात करायची. 'आणि मग' म्हणावं लागलं तर आधीच्या गड्याचं पान परत त्याच्या हातात.

जोकर५४: पुढचा मुद्दामच 'जमत नाही' म्हणेल की!

गोंधळी: म्हणू दे. तिसऱ्याने 'त्यामुळे' जोडून दाखवलं तर नाकारणाऱ्याची पाळी गेली, वर एक पान जादा. म्हणून किमान तिघं हवेत, दोघांत हा नियम कोसळतो.

उतारी: मूळ प्रश्न गड्ड्यांचा होता. व्याकरणाचा तास दुसऱ्या धाग्यावर घ्या.

गोंधळी: गड्ड्या कशाही रचा हो, आत नुसते राजे-तलवारी असतील तर आठ पानांचा गुंता म्हणजे आठ पानांचा कंटाळा.

तळटीप: उतारींचं ऐकून गड्ड्याच करणार असाल तर करा बापडे. पण पाठीचे रंग पाच वेगळे छापा, नाहीतर प्रत्येक डावानंतर निवडत बसाल. आणि कळसाच्या गड्डीत 2 नव्हे, 10 पानं ठेवा, त्यातली 2 च उघडा. नाहीतर दुसऱ्या डावाला कळस पाठ.

उतारी: चला, गड्ड्या मान्य झाल्या म्हणायच्या. 10 पानं ठीक.