रॅपरने मुंबई गाठलीच पाहिजे का? ह्यूस्टनच्या कॅसेटींवरून सुचलेले

मूळ लेख : मुंबईला गेल्याशिवाय रॅपरचे काही खरे नाही, असे आमच्या अमरावतीत सर्रास ऐकू येते आणि मला ते मुळीच मान्य नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील हिपहॉपचा व्यवहार मुख्यतः न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस यांच्या हातात होता. त्या काळात टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात डीजे स्क्रू गाण्यांची गती मंद करून, त्यांवर वस्तीतल्या रॅपरांचे उत्स्फूर्त बोल घेऊन, करड्या रंगाच्या कॅसेटी भरत असे आणि स्वतःच्या घरातूनच विकत असे. फाटक उघडण्याआधीच रस्त्यावर गाड्यांची रांग लागे. इतकी, की तिथे अमली पदार्थ विकले जातात असा पोलिसांना संशय आला. पुढे त्याने आपल्या टेपांसाठी दुकानही काढले. आधी आपल्या गावाला आपला आवाज हवासा वाटला पाहिजे.

प्रतिसाद १ : असहमत. ह्यूस्टन हे अमेरिकेतले चौथ्या क्रमांकाचे शहर आहे आणि तिथला श्रोता रोख पैसे मोजून टेप घेत होता. आपल्याकडे गाणे मोबाइलवर फुकट ऐकले जाते. शिवाय स्क्रूच्या टेपा बहुतांशी इतरांच्या गाण्यांवर उभ्या होत्या. तसे काही आज यूट्यूबवर चढवले, तर स्वामित्वहक्काच्या दाव्यापुढे ते टिकणार नाही. त्याच शहरातले रॅपर माइक जोन्स आणि पॉल वॉल २००५ मध्ये देशभर पोहोचले, ते मोठ्या कंपन्यांच्या वितरणामुळेच.

मूळ लेखक : वितरणाचे मान्य, पण त्याआधी ते दोघे स्विशाहाऊस या स्थानिक कंपनीच्या मिक्सटेपांतून घराघरांत पोहोचले होते. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कॅश मनी या स्थानिक रेकॉर्ड कंपनीने १९९८ मध्ये युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीशी करार केला, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडेच ठेवली. गावात खप असल्याशिवाय अशी अट घालता येत नाही.

प्रतिसाद २ : मी वऱ्हाडीत रॅप करते. मुंबईतल्या एका स्टुडिओत मला ‘पोट्टे’ काढून ‘मुले’ म्हणायला सांगितले, आणि मी ते केले. ते गाणे गावात कोणी दुसऱ्यांदा लावले नाही.

प्रतिसाद १ : हे वाचून खरोखर वाईट वाटले, ताई. पण स्क्रू २००० मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी गेला आणि त्याचे दुकान आपल्या माणसांनी पुढे चालवले. तुमच्या गावात ती माणसे कोण, कार्यक्रमाच्या हॉलचे भाडे कोण भरते?

प्रतिसाद २ : सध्या आम्ही सात जण वर्गणी काढतो. शब्द मात्र आता कोणी काढायला लावत नाही.