क्लेमला 'दावा' म्हणायचं का? आणि त्याचा 'शब्दार्थ' की 'अन्वयार्थ'?

युरोपातली कोर्टं पेटंटचे क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारी पेटंटमधली वाक्यं) कसे वाचतात यावर मराठीत लिहितोय. 'दावा' लिहिलं तर आईने पहिल्याच ओळीला विचारलं, दावा कोणी कोणावर लावलाय? दुसरा शब्द सुचवा. आणि क्लेमचा 'शब्दार्थ' म्हटलेलं चालेल का?

– 'दावा' नकोच, क्लेम राहू दे. वकील पण बोलताना क्लेमच म्हणतात.

– क्लेम ठीक, पण 'शब्दार्थ' अजिबात नको, 'अन्वयार्थ' घ्या. शाळेत श्लोकाचा अन्वय लावायचो आठवतंय ना, कुठला शब्द कुठे जोडायचा ते कळल्याशिवाय अर्थ लागायचा नाही, तिकडे अगदी तसंच आहे. युरोपियन पेटंट कन्व्हेन्शनचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या पेटंट-कराराचं, कलम 69 म्हणतं की संरक्षण किती ते क्लेम ठरवतात, पण क्लेमचा अर्थ लावायला पेटंटमधलं वर्णन आणि आकृत्या बघायच्या. सोबतचा प्रोटोकॉल सांगतो की अक्षराला चिकटून बसू नका आणि क्लेमला नुसतं दिशादर्शकही समजू नका, पेटंटवाल्याला योग्य संरक्षण मिळावं आणि बाकीच्यांनाही आपण कुठवर जाऊ शकतो ते नक्की कळावं.

हे कलम लागू व्हायच्या आधीच्या कायद्यातली, पण याच मुद्द्याची, इंग्लंडमधली 1980 ची कॅटनिक केस बघा. दाराखिडकीवरच्या स्टीलच्या लिंटेलचं (वरच्या भिंतीचा भार घेणाऱ्या तुळईचं) पेटंट, क्लेममध्ये मागची बाजू 'उभी' असं लिहिलेलं, समोरच्याने ती 6 ते 8 अंश कलती केली. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, विचारलं, बांधकामातला माणूस 'उभी' म्हणजे काय समजेल? तेवढ्या कलाने काम तर तसंच होतंय, म्हणून उल्लंघन धरलं. शब्दकोश उघडून बसले असते तर उलटा निकाल लागला असता.

– पण सगळीकडे सारखाच अन्वय लागत नाही हां. अंगावरचे केस उपटायच्या मशीनच्या खटल्यात क्लेमात गोल वळणांची स्प्रिंग होती, दुसऱ्या कंपनीने चिरा पाडलेला रबरी दांडा घातला. पेटंट तेच, इंग्लंडमध्ये उल्लंघन नाही आणि जर्मनीत आहे!

– बरोबर, म्हणूनच युरोपियन पेटंट ऑफिसच्या सर्वात वरच्या अपील बोर्डाचा 18 जून 2025 चा जी 1/24 निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. तिथे तंबाखूच्या 'चुणलेल्या' शीटवरून वाद होता, धंद्यातला रूढ अर्थ अरुंद आणि पेटंटच्या वर्णनातली व्याख्या रुंद. पेटंट द्यायचं की नाही हे तपासताना वर्णन फक्त क्लेम संदिग्ध असेल तेव्हाच बघायचं असं बरेच जण मानायचे, बोर्डाने सांगितलं की नेहमीच बघायचं.

– पटलं, 'क्लेमचा अन्वयार्थ' करतो. पहिल्यांदा येईल तिथे क्लेम म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो, आईला परत वाचायला देतो.