सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्यावर डॉक्टर किती उरतो?

तिरकस_वारा:
१ ऑक्टोबर २०२४ ला सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला, म्हणून कौतुक झालं, व्हायलाच हवं. मला मात्र त्यांचा बायोडेटा वाचून हळहळ वाटली. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, रेडिओडायग्नोसिसमध्ये (एक्स-रे, स्कॅन बघून निदान) एमडी, मग टाटा मेमोरियलमध्ये रेडिएशन ऑन्कोलॉजी, पिट्सबर्गला गॅमा नाइफचं, म्हणजे मेंदूतल्या गाठीवर किरणांचा नेमका मारा करण्याचं, प्रशिक्षण. कर्करोगावर किरणोपचार करणारा असा डॉक्टर घडायला किती वर्षं जातात! आणि खांद्यावरचे तारे वाढले की आपण त्याला बजेट, बदल्या आणि फायली देतो. प्रश्न एकट्या सरीनबाईंचा नाही, या शिडीचा आहे. ही उधळपट्टी नाही का?

गोदीकाठ:
सर्जन आहेत ना, मग ऑपरेशनं करत असतील की.

सात_वर्षं_नौदलात:
@गोदीकाठ, नौदलात डॉक्टरच्या हुद्द्याआधी 'सर्जन' लागतंच. बालरोगतज्ज्ञही सर्जन कमांडर. माझ्या सासरच्यांना हे अजून पटलेलं नाही.

आता धाग्याबद्दल. मी शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीची, सात वर्षं करून बाहेर पडलो, त्यामुळे मला कोणाची तळी उचलायची नाही. पण 'फायली' हा शब्द फार स्वस्तात वापरलात. २००४ च्या त्सुनामीनंतर 'निरूपक' हे सर्वेक्षण जहाज रुग्णालय करून इंडोनेशियाला पाठवलं होतं. खाटा किती, ऑपरेशनचं टेबल कुठे, रक्त कसं टिकवायचं, हे तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने ठरवायचं? कोरोनाकाळात, मे २०२० मध्ये नौदलाचं 'जलाश्व' जहाज मालदीवच्या मालेहून ६९८ माणसं घेऊन कोचीला आलं. जहाजावरून कुणी संध्याकाळी घरी जात नाही. खलाशांत आजार शिरला तर अख्खं जहाज अडकतं. प्रवासी कुठे, खलाशी कुठे, जेवण कसं पोचवायचं, असले प्रश्न ज्या फायलीत सुटतात तिच्यावर डॉक्टरचीच सही हवी.

तिरकस_वारा:
उदाहरणं उत्तम, पण ती माझ्याच बाजूची आहेत. हे सगळं साथरोग आणि व्यवस्थापनाचं काम. मग प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनवाल्याला, म्हणजे रोग होऊच नये हे बघणाऱ्या डॉक्टरला, ॲडमिरल करा. कर्करोगतज्ज्ञाला त्यासाठी वॉर्डातून का उचलायचं? तज्ज्ञाला तज्ज्ञ ठेवूनच हुद्दा आणि पगार वाढवता येणार नाही का?

मीठभाकर:
तिरकसराव, एक विचारू? आजवर इतके पुरुष डॉक्टर या खुर्चीवर बसले, तेव्हा तुम्हाला वॉर्डातल्या पेशंटची आठवण झाली नाही. बाई बसली आणि एकदम उधळपट्टी दिसली! पुनीता अरोरा स्त्रीरोगतज्ज्ञ. २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल होऊन एएफएमसीच्या प्रमुख झाल्या, पुढे नौदलात सर्जन व्हाइस ॲडमिरल. त्यांना वरची पायरी नाकारून 'तुम्ही बाळंतपणंच करा' म्हणायचं होतं का?

तिरकस_वारा:
लागलं. धागा आधी काढायला हवा होता हे कबूल. मुद्दा मागे घेत नाही.

डोलकाठी:
मला दुसरंच खुपतंय. सरीनबाई आधी भूदलात कॅप्टनपर्यंत, मग नौदलात, मध्ये हवाई दलात एअर मार्शल, पुन्हा नौदलाचा गणवेश. अरोरांचंही तसंच. मग यांना 'नौदलाचे डॉक्टर' कशाला म्हणायचं? पाणबुडीतली हवा आणि पाणबुड्याला (खोल पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरला) होणारे त्रास ज्याने आयुष्यभर पाहिले, तो खरा नौदलाचा डॉक्टर. कपडे बदलून समुद्र कळत नाही.

सात_वर्षं_नौदलात:
सेवा तिन्ही दलांची सामायिक आहे, म्हणून हे चालतं. आणि तुमचंच उदाहरण घ्या. पाणबुड्या खोलवरून घाईने वर आला की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमधला दाब फार उंचीवर अचानक गेला तर वैमानिकालाही तेच होऊ शकतं. दोघांनाही प्राणवायू देतात, गरज पडली तर दाबाच्या चेंबरमध्ये ठेवतात. वायूंचे नियम गणवेश बघत नाहीत.

डोलकाठी:
नियम एकच, माणसं एक नाहीत. महिनाभर एका पोलादी डब्यात राहणाऱ्या खलाशाला झोप का लागत नाही, हे चेंबर सांगत नाही. मुंबईत नौदलाचं 'अश्विनी'सारखं रुग्णालय आणि जोडीला नौदलाची स्वतःची वैद्यकीय संस्था उगाच नाही उभारली.

मीठभाकर:
सरीनबाईंनी 'अश्विनी'चीच कमान सांभाळली आहे हो. शिवाय दोन नौदल कमांडच्या वैद्यकीय प्रमुख होत्या. याहून किती खारं पाणी प्यायचं बाईने?

डोलकाठी:
😀 बरं, ही तुमची.

सात_वर्षं_नौदलात:
तिरकसराव, शेवटचं सांगतो. मी जिथे होतो तिथले कमांडिंग ऑफिसर हाडांचे डॉक्टर. दर बुधवारी, कितीही बैठका असोत, ओपीडीत बसायचे. निवृत्त खलाशी गुडघे घेऊन लांबून यायचे, तारीख बघून नाही, बुधवार बघून. साहेबांच्या हातातलं कसब शेवटपर्यंत गेलं नव्हतं.

तिरकस_वारा:
आणि बाकीचे पाच दिवस ते गुडघे कोण बघायचं?

सात_वर्षं_नौदलात:
मी. अनुभव दीड वर्षाचा.