घर घेण्यापूर्वी पाहिलेले अभिलेख : आपले अनुभव

घर किंवा प्लॉट घेताना आपण कोणते अभिलेख स्वतः पाहिले आणि त्यांमुळे व्यवहारात नेमके काय बदलले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

हवेली तालुक्यातील एका प्लॉटच्या चालू सातबाऱ्यावर विक्रेत्याचे एकट्याचेच नाव होते आणि इतर हक्कांचा रकाना कोरा होता, त्यामुळे मध्यस्थाच्या मते तपासण्यासारखे काही उरले नव्हते. मात्र उताऱ्यावरील फेरफार क्रमांकांवरून जुने फेरफार (सातबाऱ्यावरील नावे बदलल्याच्या नोंदी) काढले, तेव्हा वडिलांच्या मृत्यूनंतर दोन बहिणींची नावे वारस म्हणून लागली होती आणि पुढे केवळ तलाठ्यासमोरच्या जबाबावरून ती कमी केली गेली होती, असे दिसले. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची २ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याच्या हक्कसोडपत्राची नोंद सापडली नाही. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. म्हणून दोन्ही बहिणींनी खरेदीखतावर ‘लिहून देणार’ (म्हणजे विकणाऱ्या पक्षकार) म्हणून सह्या केल्यावरच आम्ही उरलेली रक्कम दिली. त्यांना त्यांचा वाटा मिळाला, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

इतरांकडून आलेले अनुभव, ठिकाणानुसार :

ठाणे : आमचा फ्लॅट पुनर्विक्रीचा. भागपत्र (सोसायटीच्या भागांचा दाखला) व करपावत्या व्यवस्थित होत्या, पण मालमत्ता पत्रकावर (शहरी जमिनीच्या धारकाची नोंद असलेल्या प्रॉपर्टी कार्डावर) धारक म्हणून मूळ जमीनमालकच होते, म्हणजे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीच्या मालकीचे हस्तांतरण) झालेलेच नव्हते. ते करून दिले गेले नसेल, तर १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या) कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सोसायटीने तसा ठराव केल्याची प्रत पाहूनच आम्ही पुढे गेलो. बिल्डरशी झालेला पहिला करारनामा विक्रेत्याकडे नव्हता, परंतु सूची २ मधून दस्त क्रमांक व वर्ष मिळाल्याने त्याची प्रमाणित प्रत काढता आली.

नाशिक : संकेतस्थळावरचा विनामूल्य सातबारा केवळ माहितीसाठी असतो. बँकेने डिजिटल स्वाक्षरीचाच उतारा मागितला.

फोंडा : गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर (तिथल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर) पतीचेच नाव असले, तरी पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पती-पत्नींच्या समाईक मालमत्तेच्या नियमामुळे विक्रीसाठी सामान्यतः पत्नीचीही सही लागते. घर वारसाहक्काने आलेले असल्याने आमच्या वकिलांनी इन्व्हेंटरी प्रक्रियेचा (वारसांमध्ये मालमत्ता वाटून देणाऱ्या न्यायालयीन प्रक्रियेचा) आदेशही मागितला. त्यात घर विक्रेत्याच्याच वाट्याला आल्याचे स्पष्ट झाल्यावर आम्ही विसार दिला.