मदत हवी आहे: एनके सेल 18 टक्के, इंट्रालिपिड लावायचं का?

निपाणीकर: वहिनीचा गर्भ तिसऱ्यांदा गेला. बाकी सगळं नॉर्मल आहे. रक्तात एनके सेल (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत म्हणून इंट्रालिपिडचं, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रवाचं, सलाईन सांगितलंय. सोमवारपर्यंत कळवायचंय. लावायचं की नको, तेवढंच सांगा.

लॅबवाला_बेळगाव: किती आठवड्यांना गेलं? 'सगळं' म्हणजे काय काय तपासलं? लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-2 ग्लायकोप्रोटीन या अँटिबॉडीच्या तिन्ही टेस्ट झाल्या का?

खानापूरची_सई: इंट्रालिपिड घ्याच. एनके सेल गर्भावर हल्ला करतात, ते शांत होतात.

पेशीविज्ञान: सई, रक्तातल्या आणि गर्भाशयातल्या एनके सेल वेगळ्या. रक्तात मारक जातीच्या जास्त. गर्भाशयातल्या सिग्नल सोडून आईच्या धमन्या रुंद करायला मदत करतात, वारेला रक्त त्यामुळेच पुरतं. रक्तातल्या टक्क्यावरून गर्भाशयातलं काही कळत नाही. इंट्रालिपिडला पुरेसा पुरावा नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचायचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

निपाणीकर: दोन सातव्या आठवड्यात, एक अकराव्या. लुपस अँटिकोॲग्युलंट एकदा पॉझिटिव्ह होती, पण तेव्हा पोटात हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं चालू होती.

लॅबवाला_बेळगाव: हे आधी सांगायला हवं होतं हो! हेपॅरिन चालू असताना लुपस खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. गर्भ गेल्यावर सहा आठवडे जाऊ द्या, मग तिन्ही करा. पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी परत. दोनदा आल्याशिवाय एपीएस (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, या अँटिबॉडींमुळे गुठळ्या होतात, गर्भ जातो) म्हणायचं नाही. रक्त निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये, खुणेपर्यंत भरून. चार तासांच्या आत दोनदा सेंट्रिफ्यूज करून (मशीनमध्ये जोरात फिरवून) पेशी वेगळ्या काढून प्लाझ्मा गोठवावा लागतो. प्लेटलेट उरल्या तर गोठवताना फुटतात आणि खरी पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसते. म्हणून निपाणीच्या कलेक्शन सेंटरला नको, मशीन आहे तिथंच जाऊन द्या.

सीमावासी865: महात्मा फुले योजना आता सीमाभागातल्या 865 गावांना लागू आहे. कार्ड काढलंय का?

लॅबवाला_बेळगाव: ती दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. इथं प्रश्न तपासणीचा आहे.

खानापूरची_सई: मग तोवर नुसतं बसायचं?

पेशीविज्ञान: एपीएस ठरलं तर उपाय पक्का आहे. ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम रोज, गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच प्रकार) 40 मिलिग्रॅमचं इंजेक्शन पोटावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नुसत्या गुठळ्यांचा मामला नाही हा. अँटिबॉडी वारेच्या पेशींना चिकटून कॉम्प्लिमेंट (रक्तातली दाह करणारी प्रथिनं) जागं करतात, हेपॅरिन तेही दाबतं. निपाणीकर, गेलेल्या गर्भाचे क्रोमोसोम (गुणसूत्रं) बघितले का?

निपाणीकर: नाही. फॉर्मॅलिनमध्ये दिलं होतं.

पेशीविज्ञान: फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, मग कॅरियोटाइप (क्रोमोसोमची तपासणी) होत नाही. त्यासाठी सलाईनमध्ये (निर्जंतुक मिठाच्या पाण्यात) द्यायचं असतं. आता नवरा-बायको दोघांचं कॅरियोटाइप करून घ्या. सोमवारी इंट्रालिपिडला नाही कळवा आणि लुपसची तारीख ठरवा.