"ज्यूंचे रडके सिनेमे बास आता" म्हणणाऱ्यांना

बाल्कनीवाला: काल इथे एकाने लिहिलं की नाझींनी केलेल्या ज्यूंच्या छळावरचे रडके सिनेमे बास झाले, रोमा लोकही (युरोपातले जिप्सी) लाखोंनी मेले पण त्यांच्यावर कोणी काढत नाही, कारण हॉलिवूड कोणाचं ते माहितीये. डोकंच फिरलं. अहो दिग्दर्शक पोलान्स्की लहानपणी स्वतः पोलंडमधल्या क्राकोच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून निसटलेला, आई ऑशविट्झच्या मृत्युछावणीत मेली, त्याचा 'द पियानिस्ट' रडका? त्यातला लपून बसलेला पियानोवादक स्पिलमन भुकेने काकडीच्या लोणच्याचा डबा फोडायला बघतो, डबा हातातून सुटून घरंगळतो आणि समोर जर्मन अधिकारी उभा. कुठे रडलाय यात कोणी? आणि रोमांवर हवाय ना, मग टोनी गातलिफचा 'कोर्कोरो' बघा, 2009 चा, जर्मनांच्या तालावर चालणाऱ्या व्हिशी सरकारच्या काळातल्या फ्रान्समधला.

मीनल_स: एक नाव फेकलं की झालं का? हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क छावणीतून ऑशविट्झला निघालेल्या गाडीच्या दारातून बघणारी, डोक्याला फडकं बांधलेली ती मुलगी, 1944 ची फिल्म, ती जगभर ज्यू मुलगी म्हणून दाखवली. 1994 मध्ये एका डच पत्रकाराने शोधलं की ती सेटेला, सिंती, म्हणजे रोमांतल्याच एका गटातली. आणि हिटलरच्या लाडक्या दिग्दर्शिका रिफेनश्टालबाईंनी 'टीफलांट' या सिनेमासाठी छावण्यांतून रोमा-सिंती माणसं, पोरंसोरं एक्स्ट्रा म्हणून आणली, त्यातली कित्येक पुढे ऑशविट्झला. म्हणजे सिनेमात होते की ते!! आणि पश्चिम जर्मनीला रोमांचा वंशसंहार मान्य करायला 1982 उजाडलं.

बाल्कनीवाला: मग जर्मनीवर चिडा ना. वेस्टरबोर्कची ती फिल्म काढणारा ब्रेसलाउअर पण ज्यू कैदीच होता, कमांडंटच्या हुकमावरून काढली त्याने.

तांबडा_पांढरा: सगळं परदेशातलंच बघा. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 48 पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आमचे पणजोबा कॅम्पात दूध घालायचे, आजी सांगायची त्या बायका पत्र आलं का म्हणून रोज विचारायच्या. त्यावर कोण काढणार सिनेमा?

मॅटिनी_शो: दादा, ते स्टालिनने सायबेरियाकडे हाकललेले, बहुतेक कॅथलिक. धागा कशावर आहे?

तांबडा_पांढरा: घरदार गेलेल्याला कुणी हाकललं याची पावती मागणार का तुम्ही? पोल गेले आणि त्याच बराकीत फाळणीनंतर सिंधी आले, तेच आजचं गांधीनगर, जिथून तुम्ही लग्नाचा बस्ता होलसेलात बांधता. पुण्यात बसून शिकवू नका.

मॅटिनी_शो: मी सांगलीचा आहे.

तांबडा_पांढरा: मग तर तुम्हाला माहीत पाहिजे!

मीनल_स: तुमचं चालू द्या. 'कोर्कोरो' बघितला काल रात्री. चांगला आहे. आता दुसरा सांगा, तेवढ्याच सहज आठवतो का बघू.

बाल्कनीवाला: बरं बाई, कमी आहेत, मान्य, खूप कमी आहेत. खूश? पण "बास आता" म्हणणाऱ्याने त्यातला एक तरी पूर्ण बघितलाय का, तेवढं विचारा.

कालचा_पोस्टवाला: 'शिंडलर्स लिस्ट' बघितलाय की. अर्धा. सव्वातीन तास कोण बसणार?